आम्हाला तुम्ही दिसता

केतकी तांडेलने आयुष्यात बरीच पत्रं लिहिली असतील, पण दोन देशांची झोप उडवणारं पत्र एकच. आणि गंमत बघा, ते लिहिताना तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. पुढे जे झालं त्यात वाटेकरी पुष्कळ निघाले. हे कौतुक मात्र तिचं एकटीचं. म्हणून आजही ती हकिगत सांगायला बसली की तिथूनच सुरुवात करते, आणि तिथेच तिची मान खाली जाते.

वेधिका हे तिचं यंत्र. सह्याद्रीच्या पोटात, अर्धवट सोडून दिलेल्या एका बोगद्याच्या टोकाला, साडेपाचशे मीटर खडकाखाली ते बसवलेलं होतं. दिसायला काही विशेष नाही. दुधी रंगाच्या स्फटिकांच्या विटा एकावर एक रचून खोलीएवढा ढीग केलेला, आणि तो कमालीचा थंड ठेवणारी नळ्यांची जाळी. बघायला आलेले मंत्री दोन मिनिटांत कंटाळून चहा कुठे आहे ते विचारायचे.

पण ते यंत्र जे करायचं ते आजवर कोणाला जमलं नव्हतं. अणुभट्टी चालू असली की तिच्यातून प्रतिन्यूट्रिनो नावाचे कण अखंड बाहेर पडत असतात. पोलाद, पाणी, डोंगर, काहीही आड आलं तरी ते आरपार निघून जातात. त्यामुळे भट्टी कुठेही लपवा, हे कण लपवता येत नाहीत. अडचण एवढीच की जे कशालाच अडत नाही ते पकडायचं कसं? आधीच्या पिढीने भट्टीच्या शेजारी टोलेजंग टाक्या बांधल्या, तरी दिवसाला मोजके कण हाती लागायचे. केतकीच्या गटाने बनवलेल्या स्फटिकात अशा कणाच्या धक्क्याने एखादा अणू नव्हे, तर करोडो अणू एकदम थरथरत. हाती लागणारे कण लाखो पटींनी वाढले. सह्याद्री, काठेवाड आणि लक्षद्वीप अशा तीन वेधिकांच्या नोंदी जुळवल्या, की अरबी समुद्रात कुठे भट्टी चालू आहे ते अर्ध्या मैलाच्या आत सांगता येऊ लागलं.

समुद्रात चालणारी भट्टी म्हणजे पाणबुडी. तिच्या पोटात क्षेपणास्त्रं. अणुयुद्ध होत नाही ते या पाणबुड्यांमुळे, असं या विषयातले जाणकार सांगतात. कोणी पहिला घाव घालून जमिनीवरचं सगळं बेचिराख केलं, तरी पाण्याखाली लपलेली ती एक शिल्लक राहते आणि उलटा घाव घालते. हे दोघांनाही माहीत असतं, म्हणून पहिला घाव कोणी घालत नाही. सगळी मदार त्या लपण्यावर.

आणि केतकीच्या पडद्यावर आता पाच ठिपके होते. तीन आपले, दोन पलीकडचे. शेजारच्या देशाचं नाव कचेरीत कोणी घ्यायचं नाही, नुसतं ‘पलीकडे’ म्हणायचं, अशी रीतच पडून गेली होती.

डिसेंबरात दिल्लीला बैठक भरली. अकरा माणसं, त्यातली चार गणवेशातली, आणि अध्यक्षस्थानी सचिव भटनागर. हा गृहस्थ आवाज न चढवता बोलायचा आणि त्याच्याशी वाद घालायचं कोणाच्या मनात येत नसे.

“हे गुपितच राहू द्या,” एक ॲडमिरल म्हणाले. “वेळेला उपयोगी पडेल.”

केतकीला राहवलं नाही. “पण साहेब, पहिला घाव आपण घालणार नाही असं आपण जगाला सांगितलंय. मग वेळ कुठली यायची? त्यांना आज ना उद्या कळणारच. तेव्हा आपण चोरून बघत होतो असं होईल. त्यापेक्षा आपणच सांगून टाकावं.”

मग तिने आपल्या गावची गोष्ट सांगितली. तिचे वडील दर्यावर बोट चालवणारे. त्यांच्या बंदरात डोल लावतात. डोल म्हणजे समुद्रात खुंटांना बांधून ठेवलेलं मोठं जाळं. जाळं पाण्यात आणि मालक घरी. दुसऱ्याची बोट त्यावरून गेली तर ते बोटीच्या पंख्यात सापडून फाटायचं. म्हणून वाटेत कोणाची डोल दिसली, की बोटीवरच्या वायरलेसवर मालकाचं नाव घेऊन सांगायचं, ‘हिराजीची डोल दिसली.’ एवढंच. याचा अर्थ, मी पाहिली, मी वळसा घालून जातो, तू निर्धास्त राहा. जो पाहून गप्प राहतो त्याच्या मनात काळंबेरं आहे असं समजायचं.

टेबलावर कोणीतरी कौतुकाने ‘वा’ म्हणालं. सहा वर्षं केतकी असल्या बैठकांना येत होती, आणि ती बोलत असताना कोणी मोबाइल बघत नाही असं पहिल्यांदाच घडत होतं. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

“डॉक्टर, हे फार सुंदर आहे,” भटनागर म्हणाले. “मसुदा तुम्हीच लिहा.” आणि ते हसले.

ते हसू केतकीने नीट पाहिलं. ते निर्धास्त करायला निघालेल्या माणसाचं हसू नव्हतं. दंड थोपटायची इतकी सभ्य रीत त्यांना आजवर कोणी सुचवली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ होता. तिला तो कळला. कळून ती गप्प बसली, कारण टेबलावरचे सगळे तिच्याकडे बघत होते आणि ते तिला आवडत होतं.

पत्र चार ओळींचं झालं. ‘आम्हाला तुमच्या दोन नौका दिसतात. गेल्या तीस दिवसांतल्या त्यांच्या जागा सोबत जोडल्या आहेत, त्या केवळ आमच्या म्हणण्याची खात्री पटावी म्हणून. आम्ही त्यांना हात लावणार नाही. आपण निश्चिंत असावं.’ जुन्या करारानुसार एक जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देत. त्या यादीच्या लिफाफ्यातच हे पत्र गेलं.

चार जानेवारीला पलीकडची क्षेपणास्त्रं छावण्यांतून बाहेर पडून रस्त्यांवर पांगली. उपग्रहाच्या चित्रांत ते लांबलचक ट्रक अगदी स्वच्छ दिसत होते. ही हल्ल्याची तयारी, असं इकडे ठरलं आणि इकडचीही बाहेर निघाली. पुण्यामुंबईत शाळा बंद झाल्या, वाण्याच्या दुकानांत तांदूळ मिळेनासा झाला.

“पण आपण लिहिलंय ना, हात लावणार नाही म्हणून!” केतकी भेटेल त्याला सांगत सुटली. ऐकणारे मान हलवून पुढे जात.

दोन देशांत एक टेलिफोन मात्र अजून चालू होता. दर मंगळवारी सकाळी अकरा वाजता दोन्हीकडचे शास्त्रज्ञ आठवड्याभराच्या भूकंपांचे आकडे एकमेकांना वाचून दाखवत. दोन्हीकडचे अधिकारी तो कान देऊन ऐकत, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. इकडून केतकी बोलायची, तिकडून डॉक्टर निगार. इटलीत शिकताना दोघी दोन वर्षं एका खोलीत राहिल्या होत्या. हिंदीत बोलायच्या, भांडायच्याही हिंदीतच.

त्या मंगळवारी निगारने आकडे वाचले आणि लगेच विचारलं, “केतकी, ते पत्र कोणी लिहिलं?”

“मला काय माहीत,” केतकी म्हणाली. खोटं इतक्या सहज तोंडातून निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं.

“ज्याने लिहिलं त्याला एक विचार. तू न्हाणीघरात अंघोळ करते आहेस. शेजारचा पुरुष भिंतीपलीकडून म्हणतो, वहिनी, मला सगळं दिसतंय, पण घाबरू नका, मी तसला माणूस नाही. तू काय करशील? त्याचे आभार मानशील?”

केतकीने हातातली पेन्सिल खाली ठेवली.

“तुम्ही मोठे,” निगार म्हणाली. “तुम्हाला वाटतं ही हत्यारं म्हणजे कुलूप आहे, लावून ठेवायचं आणि झोपायचं. आमच्याकडे रोज सकाळी उठून माणसं हाच विचार करतात, की त्यांनी एका घावात आमचं सगळं संपवलं तर? त्यावर आमच्याजवळ एकच उत्तर होतं. आमचं शेवटचं हत्यार कुठे आहे ते त्यांना ठाऊक नाही. ते उत्तर तुम्ही चार ओळींत काढून घेतलंत.”

“पण आम्ही पहिला घाव घालणार नाही. तसं वचन दिलंय.”

“तुमचं वचन तुम्हाला खरं वाटतं, कारण ते तुमचं आहे. आमच्याकडे तसं वचनच नाही, कारण दिलं तर तुम्ही रणगाडे घेऊन याल असं आम्हाला वाटतं. तुम्हाला त्यात आमची खुनशी वृत्ती दिसते. आम्हाला तुमच्या वचनात थाप दिसते.” मग ती म्हणाली, “लिहिणाऱ्याला सांग.”

“सांगते,” केतकी म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिचे कान तापले होते.

पुढच्या सोमवारी, दुपारी दोन वाजता, पलीकडचा एक ठिपका मंदावला.

तो गेले तीन दिवस किनाऱ्याकडे सरकत होता. का, ते केतकीच्या लक्षात आलं होतं. त्यांच्या किनाऱ्यावर विजेचं एक मोठं अणुकेंद्र होतं. त्याच्या कणांच्या झोतात पाणबुडीचे कण मिसळून गेले असते आणि वेधिकेला ती दिसली नसती. डोकं चांगलं चाललं होतं त्यांचं. पण तिथवर पोचायला उथळ, गाळाच्या पाण्यातून जावं लागत होतं, आणि अकरा मैल आधी काहीतरी घडलं. चालू भट्टी बंद पडली की कण एकदम शून्यावर येत नाहीत. विझलेल्या चुलीत निखारे राहावेत तसे थोडे दिवस येत राहतात. तो निखारा सत्तर मीटर खोलीवर एका जागी थांबला होता. तीन वाजले, चार वाजले, तो हलला नाही.

पलीकडची शोधजहाजं भलतीकडे, दोनशे मैल दक्षिणेला धावत होती. लपण्याच्या नादात नौकेने आपली वाट आपल्या लोकांनाही कळवली नसावी. आत माणसं असणार. जिवंतही असतील. आणि ती कुठे आहेत हे जगात एकट्या केतकीला माहीत होतं.

तिने भटनागरांना फोन लावला.

“सांगायचं नाही,” ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच शांत. “बुडलेली पाणबुडी कुठे आहे ते कोणाला माहीत असतं, डॉक्टर? जो बुडवतो त्याला. तुम्ही जागा सांगितलीत की त्यांची खात्री होईल. मग तासाभरात काय होईल ते मी सांगायला नको.”

“पण आत माणसं आहेत.”

“आणि बाहेर किती आहेत ते मोजा. मागच्या वेळी तुमचं ऐकलं होतं.”

त्या माणसाला दुष्ट म्हणून मोकळं व्हावं असं तिला फार वाटलं, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

संध्याकाळी तिने वडिलांना फोन केला. खरं सांगता येत नव्हतं, म्हणून आडवळणाने विचारलं. बाबा, परक्या बंदरातल्या माणसाची डोल दिसली, तर त्याला सांगायचं का?

“परक्याला कशाला सांगशील?” म्हातारा म्हणाला. “आपल्या बंदरात सगली वलखीची मानसं. हिराजीला ठाव हाय मी कोन, माजं घर कुठं हाय. माज्या चार डोली त्याला ठाव हायेत, म्हनून त्याची डोल दिसली असं मी बोललो तर चालतं. परक्या मानसाला दर्यात हाक मारली तर तो आदी कोयता काढंल. का गो बाय, काय झालं?”

“काही नाही,” केतकी म्हणाली. पन्नास वर्षांची झाली तरी आपल्या गावची रीत आपल्याला अर्धीच कळली होती, आणि त्या अर्ध्यावर आपण दिल्लीत भाव खाल्ला, या विचाराने तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मंगळवारी अकरा वाजता टेलिफोन वाजला. निगार आकडे वाचू लागली. आवाज ओढलेला होता. केतकीने तिला मध्येच थांबवलं.

“निगार, पत्र मी लिहिलं. तुझ्याशी खोटं बोलले.”

“पहिल्या दिवशीच कळलं होतं मला,” निगार म्हणाली. “सरकारं अशी पत्रं लिहीत नाहीत. चांगली माणसं लिहितात.”

हे लागलं, पण लागू द्यायला वेळ नव्हता. “लिहून घे,” केतकी म्हणाली आणि अक्षांश रेखांश सांगितले. “खोली सत्तर मीटर. काल दुपारी दोनला भट्टी बंद पडली. तुमची जहाजं चुकीच्या जागी आहेत. आम्ही काही केलेलं नाही. तुमची नौका उथळ पाण्यात आपणहून रुतली आहे.”

ते आकडे पलीकडून एकदा परत वाचले गेले. मग निगार हळू आवाजात म्हणाली, “चौऱ्याहत्तर माणसं आहेत, केतकी. मी हे आता जाऊन सांगेन आणि ते मला विचारतील, तुम्ही बुडवली नाही कशावरून? तिथे मदतीला जहाज गेलं की त्यालाही टिपणार नाही कशावरून? एक कर. काल दोन वाजता तुमच्या तिन्ही नौका कुठे होत्या ते सांग. तुमच्या दूर होत्या एवढं मला दाखवता आलं, तर ते ऐकतील. सहा तासांत जहाज पोचेल.”

समोरच्या पडद्यावर आपले तीन ठिपके लुकलुकत होते. तिन्ही तिथून लांब, दक्षिणेला. केतकीने तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. हे सांगितलं की आपलं शेवटचं हत्यार उघडं पडलं. आतली माणसं, त्यांची घरं, सगळं उघड्यावर. हा देशद्रोह होता, आणि फोन ऐकणारे ऐकत होते. निगारने आठवड्यापूर्वी तिला जे समजावून सांगितलं होतं ते आता एका क्षणात अंगाला समजलं. हेच त्यांना वाटलं असणार. अगदी हेच. आणि तरी तिला ते सांगता येईना.

“ते मला सांगता येणार नाही,” ती म्हणाली.

“तू आमच्या तीस दिवसांच्या जागा सांगितल्यास.”

“निगार, मला नाही सांगता येणार.”

“बरं,” निगार म्हणाली आणि फोन ठेवला.

निगारने जागा वर कळवली. तिथे सोळा तास बैठक चालली. कोणी म्हणालं सापळा आहे, कोणी म्हणालं हा कबुलीजबाब आहे, कोणी म्हणालं आधी आपणच क्षेपणास्त्रं सोडू या. शेवटी जहाज निघालं ते बुधवारी सकाळी नऊला जागेवर पोचलं. चौऱ्याहत्तरांपैकी एकोणीस जण जिवंत निघाले. ते सगळे पुढच्या एका लहान कप्प्यात होते. बाकीच्यांची हवा बुधवारी पहाटे दोनच्या सुमारास संपली, असं त्यांच्या डॉक्टरांनी काढलं. मंगळवारी संध्याकाळी पाचला जहाज पोचलं असतं, तर बहुतेक सगळे जिवंत बाहेर आले असते.

युद्ध मात्र झालं नाही. दोन्हीकडचे ट्रक छावण्यांत परतले. इकडच्या वर्तमानपत्रांनी लिहिलं की आपल्याला सगळं दिसतं हे कळल्यावर शत्रू वरमला. पलीकडच्यांनी लिहिलं की आपण क्षेपणास्त्रं बाहेर काढली म्हणून शत्रू वरमला. दोघांनाही आपापलं खरं वाटत होतं, आणि पुढच्या वेळी दोघेही तेच करणार होते.

केतकीला वाटलं होतं चौकशी होईल, नोकरी जाईल. भटनागरांनी तिला दिल्लीला, डिसेंबरातल्याच त्या बैठकीपुढे बोलावलं आणि चहा दिला. जागा कळवली ते शिस्तीला सोडून झालं, पण जगात त्याबद्दल चांगलं बोललं जातंय, तेव्हा तो विषय नको, असं ते म्हणाले. मग उठून तिच्यापाशी आले.

“मी ती फोनची नोंद ऐकली. इतक्या जवळच्या मैत्रिणीने विचारलं, तरी आपल्या नौकांबद्दल तुम्ही एक शब्द काढला नाहीत. आम्हाला तुमचा अभिमान आहे.”

अकरा जणांनी टाळ्या वाजवल्या. केतकी त्या वाजून संपेपर्यंत आपल्या चपलांकडे बघत उभी राहिली. शिक्षा झाली असती तर बरं झालं असतं, असं तिला मनापासून वाटलं.

मंगळवार येतच राहिले. निगार आकडे वाचायची, केतकी आकडे वाचायची, फोन ठेवला जायचा. जेवलीस का, एवढंही कोणी विचारत नसे. असे पाच महिने गेले. जूनमध्ये आपल्या नौकांच्या फिरण्याच्या जागा सगळ्या बदलल्या आणि जानेवारीच्या नोंदी जुन्या कागदांत जमा झाल्या. आता त्या गुपित ठेवण्यात कोणाला रस उरला नव्हता.

त्या मंगळवारी निगारचे आकडे संपल्यावर केतकी म्हणाली, “थांब. तू विचारलं होतंस ते सांगते. त्या सोमवारी दोन वाजता आमची सगळ्यात जवळची नौका सातशे मैलांवर होती. बाकीच्या दोन त्याहून लांब. एक पूर्ण दिवस प्रवास करूनही तिथे पोचली नसती.”

तारेवर बारीक खरखर चालू होती.

“सातशे मैल,” निगार म्हणाली.

“हो.”

“नेमक्या कुठे, त्याची मला गरजच नव्हती, केतकी. दूर आहेत, एवढं म्हणाली असतीस तरी मी आमच्या वरच्यांच्या पाया पडले असते.” तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरंच विचारत होती. “सातशे मैल दूर होत्या. मग सांगायला काय हरकत होती?”

केतकीने उत्तर शोधलं. देश, शपथ, ऐकणारे अधिकारी, सगळं एकेक करून तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्यातलं एकही निगारला सांगण्याजोगं तिला वाटलं नाही. निगार थांबली होती. मग कागद उलटल्याचा आवाज आला.

“तुमच्याकडचे आकडे वाच,” निगार म्हणाली, आणि केतकीने वाचायला सुरुवात केली.